पाच परक्या घरांचं कापड

लिस्बन,
९ जानेवारी २०२५

सईताई,

पोचल्याचं फोनवर सांगून झालंय, त्यामुळे परत लिहीत नाही. लिहिलं बघ.

आज मी बटनांच्या रस्त्यावर गेले. रस्त्याचं नाव वेगळं आहे, पण त्या रस्त्यावर ओळीनं बटनं, लेस, हुक, दोरे विकणारी एवढुशी एवढुशी दुकानं आहेत आणि मधून पिवळी ट्राम जाते. इतकी जवळून, की दारातून हात बाहेर काढला तर ट्रामवाल्याच्या कॉलरचं माप घेता येईल. आत भिंतभर खणच खण. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटनांपैकी एक शिवून ठेवलेलं. म्हणजे भिंतच बटनांची! आपल्या मेनरोडवर लेसवाला कसा "दीदी, पहिले बोलो कितना मीटर" म्हणून वैतागतो, तसं इथे कोणी वैतागत नाही. मी सकाळी शिरले आणि भूक लागली तेव्हा बाहेर आले. काउंटरवर नाकाला चष्मा लावलेली आजी होती. मी बोटानं रिबन दाखवली तर म्हणाली, "फीता." मी म्हटलं, "फीत?" ती म्हणाली, "फीता!" मी म्हटलं, "फीत!" असं आम्ही बराच वेळ एकमेकींवर ओरडलो. दोघी भयंकर खूश.

मग समोर कस्टर्डची गरम वाटी खाल्ली. मग एका घराच्या फरशा निळ्या दिसल्या म्हणून त्या मोजत गेले, तर नदीच आली. मग रस्ता चुकले. मग आठवलं की ज्या कामाला गेले होते ते राहिलंच.

मावशीला सांग, विसरले नाहीये. बाळाच्या गोधडीला पाच परकी घरं. अंगावर वापरून मऊ झालेलं कापड. विकत घ्यायचं नाही, पदर पसरून तोंडानं मागायचं. चार घरं मी मागायची आणि पाचवं बाळाच्या आईनं. आणि घर जितकं लांब तितकं बरं, म्हणजे दृष्ट लागायला निघाली तरी तिला पत्ता सापडत नाही. हा मावशीचा मुद्दा मला पटलाय. मला स्वतःला इथे पत्ता सापडत नाही, दृष्टीला काय सापडणार!

मागच्या दोन वेळी आपण यातलं काहीच केलं नव्हतं, म्हणून या वेळी मी गुपचूप हो म्हटलं. तू हसलीस ते पाहिलंय मी. पण फार जोरात हसली नाहीस, तेही पाहिलंय.

सोबत पहिला तुकडा. ग्रासाबाईंच्या उशीच्या अभ्र्याचा. त्यांच्या गेस्टहाऊसातल्या चादरी-पडदे मी सकाळी दुरुस्त करते, त्या मला वरची खोली आणि जेवण देतात. नाशिकच्या वाइनरीत माझी गोधडी बघून त्या "ये आमच्याकडे" म्हणाल्या तेव्हा तू म्हणाली होतीस, "सहज म्हणाल्या असतील." सहज म्हणणारी बाई नाश्त्याला दोन अंडी देत नाही, ताई. हा अभ्रा मी मागायच्या आधीच त्यांनी दिला. चालेल ना? मावशीला विचार.

तुझी,
वल्ली

◆

नाशिक,
२२ जानेवारी

वल्ले,

नाही चालत. मावशी म्हणते, न मागता आलं ती भेट. भेटीची कौतुकं वेगळी, याची वेगळी. अभ्रा परत करू नकोस, पण मोजायचा नाही.

मावशी घोटीचं दुकान बंद करून शिलाई मशीनसकट इथे राहायला आलीय. डॉक्टरांनी मला बाळ येईपर्यंत झोपून राहायला सांगितलंय. बाथरूमपर्यंत आणि फार तर मागच्या बाल्कनीपर्यंत, एवढंच माझं जग. आई-बाबा रविवारी सुरगाण्याहून जीपनं येतात, मला बघतात, शाळेच्या कटकटी सांगतात आणि जातात. धवल ऑफिसातून दर तासाला फोन करून "काय करतेयस" विचारतो. झोपलेय. दुसरं काय करणार? छताला एक तडा आहे, त्याचा आकार रोज बदलतो असं मी त्याला सांगितलं, तर तो प्लंबरला घेऊन आला.

म्हणून पत्र लिही. फोनवर सगळे आधी "तब्येत कशी" विचारतात आणि मग उत्तराची भीती वाटून गप्प होतात. तू निदान फरशा मोजतेस.

गोधडीचं म्हणशील तर हे मावशीचं खूळ आहे आणि मी ते चालू देतेय, कारण त्यामुळे ती माझ्या डोक्याला तेल लावायचं विसरते. पाचवं घर म्हणे मी मागायचं. मी! बँकेत दिवसभर मी मागायला आलेल्या माणसांच्या समोर बसते, वल्ले. टेबलाच्या पलीकडची खुर्ची मला जमत नाही. शाळेत पेन विसरले तर मी शाईचं बोट करून लिहिलं असतं, पण शेजारणीकडे मागितलं नसतं. मावशीला म्हटलं, मी झोपून आहे, कोणाच्या दारात जाऊ? तर म्हणते, "खालच्या मजल्यावरची खुर्शीदा काय वाईट आहे? लय चांगली बाई." लय चांगली! माझ्या बाल्कनीतून ब्लीचचं पाणी गळून तिच्या ओढणीवर पडलं, तर तिनं सगळ्या सोसायटीसमोर मला "पढी-लिखी गवार" म्हटलं होतं. दोन वर्षं आम्ही जिन्यात एकमेकींना भिंत समजतो. आणि मावशी तिच्याकडे रोज चहा पिऊन येते. घरात फितूर.

जाऊ दे. कापड मिळालं तर पाठव, नाही मिळालं तर नको. मला काही फरक पडत नाही.

सई

ता. क. अभ्र्याचा तुकडा मऊ आहे. उशीखाली ठेवलाय. मोजला नसला म्हणून काय झालं.

◆

पोर्तो,
५ फेब्रुवारी

ताई ताई ताई,

दोन घरं झाली! सोबत टाचलीत. खाकी तुकडा कापडाच्या दुकानातल्या आजोबांच्या कोटाचा, गुलाबी एका कोळणीच्या झग्याचा.

पोर्तोला कशी आले विचारू नकोस. गाडीत बसले होते दुसऱ्या गावाला जायला, तिथे म्हणे लोकरीच्या जुन्या गिरण्या आहेत. शेजारी एक बाई विणत होती. तिच्या सुया लाकडी होत्या. मी विचारलं कुठून आणल्या, ती म्हणाली पोर्तो. मग मी तिच्याच मागोमाग उतरले. हे गाव म्हणजे चढ, पायऱ्या आणि पाऊस. रस्त्यावरून घसरले की थेट नदीत. सुयांचं दुकान बंद निघालं, पण त्याच्या शेजारी कापडाचं आहे. तागेच्या तागे छतापर्यंत, आणि वरचा तागा काढायला आजोबा शिडीवर चढतात. मला वाटलं आता हे पडणार, म्हणून मी शिडी धरली. दिवसभर धरली. संध्याकाळी लोक मलाच भाव विचारायला लागले.

अस्तराला इथे असं एक कापड मिळतं, हाताला लागतच नाही. लोणी! नवीन आहे म्हणून घेतलं नाही. (थोडं घेतलं.)

तर दोन झाली, दोन राहिली. मागताना काही वाटलं नाही. सोप्पं असतं. तूही माग.

वल्ली

◆

नाशिक,
१८ फेब्रुवारी

वल्लरी,

तुझे आजोबा कोट घालून पोहायला जातात का?

अंगावर वापरलेलं कापड घडीवर विटतं, कोपरावर झिजतं, काखेत पिवळं पडतं. तुझे दोन्ही तुकडे चारी बाजूंनी अगदी सारखे विटलेत, आणि खाकीच्या कडेला दुकानातल्या कात्रीचे नागमोडी दात अजून दिसतायत. मावशीच्या हातात जायच्या आधी मीच बघितले म्हणून वाचलीस. मी तिला सांगितलं नाही. तुकडे डब्यात आहेत, तिला दाखवून तिचा दिवस घालवायचा नाही.

तुला नसेल जमत तर सांग. खोटं कशाला? बाळ खोट्या कापडावर झोपलं तर काही होणार नाही, मला माहितीय. तरी मला खरंच हवंय. आता एकदा लिहिलं, पुन्हा लिहायला लावू नकोस. मागच्या वेळी पाचव्या महिन्यात मी पाळणा पुसून ठेवला होता. या वेळी घरात बाळाचं काहीही नाही. एक टोपीही नाही. ही गोधडी तेवढी आहे, कारण ती कापडाच्या तुकड्यांत आहे, अजून गोधडी झालेली नाही, तर तिला हात लावायला मला भीती वाटत नाही.

असो. माझं पाचवं घर झालं. खालून मागून आणवलं. निळ्या चौकड्यांचा तुकडा सोबत पाठवतेय, बघ आणि परत पाठव. मागायला सोप्पं असतं हे तुझं खरं निघालं.

सई

◆

लिस्बन,
३ मार्च

ताई,

हा जिजूंचा शर्ट आहे!!!

तुझ्या साखरपुड्याला मीच त्यावर आमरस सांडला होता. पिवळा डाग अजून आहे, चौकडीच्या बरोबर मधोमध. खुर्शीदाचाचींनी साखरपुड्याला तुझ्या नवऱ्याचा शर्ट घातला होता का? बँकेत लोकांच्या खोट्या सह्या पकडतेस आणि स्वतःचं खोटं एवढं कच्चं? मी वाचून ग्रासाबाईंच्या जिन्यात बसून इतकी हसले की वरचे जर्मन पाहुणे पाणी घेऊन आले.

आणि मग नाही हसले. कारण माझं तुझ्याइतकंच कच्चं. ते तुकडे मी पोर्तोच्या दुकानातून विकत घेतले आणि लॉन्ड्रीच्या मशीनमध्ये माझे बूट घालून फिरवले. चार वेळा. कापड म्हातारं होईना, बूट मात्र वारले. मला वाटलं होतं मी कोणाशीही बोलते, तर मागणं काय! पण दुकानात नवीन कापड विकणाऱ्याला "मला तुमचं जुनं द्या" कसं म्हणायचं? तीन दुकानांतून मी तोंड उघडून शेवटी बटनंच घेऊन बाहेर आले. माझ्याकडे आता एवढी बटनं आहेत की बाळाला चिलखत होईल.

तुझं ते "मला खरंच हवंय" वाचलं आणि परत बटनांच्या रस्त्यावर गेले. फीतवाल्या आजीकडे. नाव आमेलिया.

पदर नव्हता, म्हणून स्वेटरचं टोक दोन्ही हातांनी पसरून उभी राहिले. आजीनं चष्म्यावरून बघितलं, काउंटरच्या बाहेर आली, खाली वाकली आणि टाचण्या लावायला लागली. तिला वाटलं मला स्वेटर आखूड करायचाय! मी नको नको म्हणते, ती हो हो म्हणते, चारी बाजूंनी टाचून झालं तेव्हा माझा स्वेटर बेंबीच्या वर. दुकानात झिप घ्यायला आलेला एक माणूस भिंतीकडे तोंड करून हसत होता.

मग मी बिलाच्या मागे चित्र काढलं. पोट. पोटात बाळ. बाळाखाली गोधडी, चौकोन चौकोन. मग बोट आजीच्या एप्रनवर ठेवलं. आणि मला त्यांच्या भाषेतलं काही आठवेना, ताई, तर मी मराठीतच म्हटलं, "आजी, माझ्या बहिणीच्या बाळाला तुमच्या अंगावरचं कापड द्या." मोठ्यानं. माझा आवाज असा निघाला की मीच दचकले.

आजीनं आधी चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पाठीमागे हात नेऊन गाठ सोडली. काउंटरला टेकून टेकून एप्रन जिथे पांढरा झालाय, बरोब्बर तिथलाच तुकडा कापला. कात्री चालवताना तोंडानं काहीतरी म्हणत होती. आशीर्वाद असेल, नाहीतर "या मुलीला आवरा" असेल. मी दोन्ही मिळून घेतलं.

ऐक, संपलं नाही! झिपवाल्यानं विचारलं काय चाललंय, आजीनं सांगितलं, तो खिशातून रुमाल काढून देणार तोच मी "थांबा!" म्हणून ओरडले. न मागता दिला तर भेट होईल ना. त्याच्यासमोर परत टाचण्यांचा स्वेटर पसरला, परत सगळं वाक्य म्हटलं, मग घेतला. बिचारा एवढा गोंधळला की त्यानं रुमाल दोन्ही हातांनी वाहिला, देवाला वाहतात तसा. मग लेस घेणारी एक बाई. तिनं गळ्यातल्या स्कार्फचं टोक दिलं. तेवढ्यात बाहेर घंटा. कोणीतरी गाडी रुळावर लावून गेलं होतं, ट्राम अडकली, आणि ट्रामवाला वेळ घालवायला दारात येऊन उभा. सगळ्यांनी मिळून त्याला गोष्ट सांगितली. त्यानं स्वतःच मला खूण केली, म्हण ना. मी म्हटलं. त्याच्या मफलरचं टोक! ट्राममधली माणसं खिडकीतून टाळ्या वाजवत होती, त्यांना काय कळलं होतं देव जाणे.

चार घरं. खरी. हुंगून बघ, मफलरला सिगारेटचा वास आहे, तो धू.

आता तुझं. जिजूंचा शर्ट परत पाठवतेय. माग, ताई. सोप्पं नसतं. मी खोटं लिहिलं होतं.

वल्ली

◆

नाशिक,
१४ मार्च

वल्ले,

चारही तुकडे मिळाले. घडीवर विटलेत. एप्रनचा मी गालाला लावून बघितला. मफलर मावशीनं दोनदा धुतला, वास गेला नाही. बाळ ट्रामवाल्याच्या संगतीत बिघडणार.

काल दुपारी मावशी भाजीला गेली होती. मी मागच्या बाल्कनीत गेले. खाली खुर्शीदाचाची कपडे वाळत घालत होत्या. मी परत आत आले. परत बाहेर गेले. मग हाक मारली.

"चाची!"

त्या आधी दोन पावलं मागे सरकल्या आणि मग वर बघितलं. "अब क्या गिराया?"

"काही नाही. तुमच्याकडे काम होतं."

"दोन बरस में पहली बार आवाज निकला, आणि काम होतं?"

समोरच्या इमारतीत गॅलरीचं दार उघडलं. मग शेजारचं. मला वाटलं खाली उतरून हळूच बोलावं, पण जिना मला मना आहे. जे बोलायचं ते तिथूनच, सगळ्या सोसायटीसमोर, जिथे त्यांनी मला बोलून घेतलं होतं. पदर नव्हता. मी ओढणी काढली, एक टोक हाताला गुंडाळलं आणि दुसरं खाली सोडलं. त्यांच्या कठड्यापर्यंत बरोबर पोचलं.

म्हटलं, "चाची, माझ्या बाळाला तुमच्या अंगावरचं जुनं कापड द्या."

वल्ले, बँकेत माणसं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास उगाच हातात धरून का बसतात ते मला काल कळलं.

त्या आत गेल्या. समोरची एक बाई म्हणाली, "गेली वाटतं." माझी ओढणी तशीच लोंबत होती. मला ती वर ओढून घेता येईना, आणि सोडूनही देता येईना. मग त्या आल्या, हातात हिरवी ओढणी. हिच्यावरूनच सगळं झालं होतं. पांढरे डाग तसेच, चांदण्या पडल्यासारखे.

"ये ले," म्हणाल्या. "तेरेच हाथ का काम है. फेकी नहीं मैंने, रोज घर में ओढती हूँ. तुझ्या नावाने चार गोष्टी बोलते आणि ओढते." आणि माझ्या ओढणीच्या टोकाला तिची गाठ मारायला लागल्या. गाठ मारता मारता वर न बघता म्हणाल्या, "बच्चा सलामत आने दे. झगडा बाकी है अपना, बाद में पूरा करेंगे."

मी वर ओढून घेतली. हातात आल्यावर मी बाल्कनीतच खाली बसले आणि ढसाढसा रडले. समोरच्या गॅलरीवाल्यांनी वाट बघून बघून शेवटी दारं लावली. मावशी आली तेव्हा म्हणाली, "मी रोज चहा कशाला प्यायला जात होते गं?"

मावशीनं आज मशीनवर झाकण घातलं आणि हातानं सुरुवात केली. काठाकडून धावदोरा, चौकोनात चौकोन, मध्याकडे. बाळासाठी टोपी आणायला मी धवलला सांगितलंय. एकच.

सई

◆

लिस्बन,
२५ मार्च

ताई,

दोन टोप्या आणायला सांग.

पत्र छोटं आहे कारण मी बॅग भरतेय आणि बटनं मावत नाहीयेत. तिकीट काढलं! ८ एप्रिलला मुंबई. आमेलियाआजीकडे निरोप घ्यायला गेले, तिनं टाचण्या लावलेला स्वेटर खरंच आखूड करून दिला. मी घालतेय. बेंबी गारठते.

विमान इस्तंबूलला अर्धा दिवस थांबतं. तिथे म्हणे झालरींची आख्खी गल्ली आहे, विमानतळापासून फार लांब नाही. मी जात नाहीये. बिलकुल. मी विमानतळावर खुर्चीला स्वतःला बांधून घेणार आहे, फीत आहेच माझ्याकडे.

गोधडी पूर्ण करू नका. मावशीला सांग. शेवटचा टाका तरी माझा!

वल्ली

◆

नाशिक,
७ एप्रिल

वल्ले,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये, धवलच्या खिशात देतेय. तो विमानतळावर उभा असेल, दाढी न केलेला आणि विनाकारण हसणारा माणूस म्हणजे तोच. हे वाचतेयस म्हणजे आलीस. (बॅगेत झालरी किती आहेत ते घरी आल्यावर बघते.)

फोनवर आपण दोघी नुसत्या रडलो, त्यामुळे तुला नीट काहीच सांगता आलं नाही. तर ऐक. मुलगी आहे. जरा घाईत आली, तुझ्यावर गेलीय. वजन कमी आहे, आवाज कमी नाही. नाक आपल्या बाबांचं, त्याला इलाज नाही. मावशी म्हणते मागून आणलेली आहे, तर नाव भिकूबाई ठेवा, म्हणजे कोणाची नजर जाणार नाही. धवल तीन दिवस हो म्हणत होता, त्याला वाटलं मावशी गंमत करतेय. बारशापर्यंत तू काहीतरी सुचव. फीत सोडून.

काल दवाखान्यातून घरी आलो. दारात खुर्शीदाचाची उभ्या. बाळाला घेतलं, अर्धा तास दिलं नाही, आणि मग मला म्हणाल्या, "हाँ, तो वो ब्लीच कौनसी कंपनी की थी?" भांडण सुरू झालंय. रोज थोडं थोडं करायचं ठरलंय.

गोधडीवर तिला काल संध्याकाळी पहिल्यांदा झोपवलं. एका कोपऱ्यात एप्रन, एकात रुमाल, एकात स्कार्फ, एकात मफलर, मध्ये हिरवी ओढणी आणि तिच्या चांदण्या. ग्रासाबाईंचा अभ्रा मोजला नाही, पण मावशीनं आतल्या थरात घातला. म्हणाली, भेटही उबदार असते. आम्ही चौघं श्वास रोखून बघत होतो. तिनं हात ताणले, डोळे उघडले, आणि पाचही घरांना एकदम आंघोळ घातली. मावशीनं टाळी वाजवली. "आता झाली गोधडी! तोवर नुसतं कापड असतं."

आज धुऊन बाल्कनीत वाळत घातलीय. खाली पाणी गळत होतं. चाची काही बोलल्या नाहीत.

मधल्या ओढणीच्या चौकोनाचा शेवटचा टाका मावशीनं तुझ्यासाठी ठेवलाय. सुई बाळाजवळ नको म्हणून कॅलेंडरला टोचलीय. हिरवा दोरा ओवून, ८ तारखेवर.

सई